मोटर निवडण्याआधी बॅटरीचा हिशेब

एप्रिलमधल्या एका रविवारी दुपारी आमच्या कॅज्युअल्टीत इंजिनीअरिंगच्या तिसऱ्या वर्षाचा एक मुलगा आला. उजवा तळहात आणि मनगट भाजलेले, फोड आलेले आणि त्यावर घरच्यांनी टूथपेस्ट थापलेली. कशाने भाजले विचारले, तर म्हणाला, ‘‘सर, जेटने.’’ सिस्टर माझ्याकडे बघायला लागल्या. मला मात्र लगेच उलगडा झाला, कारण गेली बरीच वर्षे सुट्टीच्या सकाळी गावाबाहेरच्या माळावर मीही रिमोटवरची विमाने उडवतो.

या छोट्या जेटमध्ये इंधन जळत नाही. विमानाच्या पोटात एक नळी असते, त्यात आठ-दहा पात्यांचा पंखा आणि त्यामागे विजेची मोटर. पंखा पुढून हवा ओढतो आणि मागे जोराने फेकतो. याला हौशी मंडळी ‘ईडीएफ’ म्हणतात. दिसायला हुबेहूब लढाऊ विमान, म्हणून तरुण मुलांना त्याची भारी ओढ. पण साध्या प्रोपेलरच्या विमानापेक्षा हा प्रकार विजेच्या बाबतीत फार खादाड आहे आणि गडबड तिथेच होते.

आमच्या पेशंटची कहाणी अशी. ७० मिलिमीटरचा पंखा, चार सेलची ३३०० एमएएचची लायपो बॅटरी. विमान उडत होते, पण वेग कमी वाटला म्हणून त्याने जास्त ‘केव्ही’ची मोटर आणून बसवली. दोन उड्डाणांत बॅटरी फुगली. कुणीतरी सांगितले, टाचणी टोचून गॅस काढ. त्याने टोचली.

केव्ही म्हणजे इथे किलोव्होल्ट नव्हे. एका व्होल्टला मोटर मोकळी असताना मिनिटाला किती फेरे घेईल, तो हा आकडा. २२०० केव्हीच्या मोटरला सहा सेलचे २२.२ व्होल्ट दिले तर सुमारे ४९ हजार फेरे होतात. पंख्याचे ओझे आले की ते चाळीस हजाराच्या आसपास उतरतात. आकडा मोठा तितका वेग जास्त, इतपत पोरांना कळते. पण वेग १० टक्क्यांनी वाढला की पंख्याचा जोर २१ टक्के वाढतो आणि त्यासाठी लागणारी शक्ती ३३ टक्के. जोर वेगाच्या वर्गाने वाढतो, शक्ती घनाने. आमच्या पठ्ठ्याची नवी मोटर १५ टक्के जास्त केव्हीची होती. जुनी साठ ॲम्पिअर घेत असे; या हिशेबाने नवी नव्वदीच्या आसपास जाणार. बॅटरीवर ‘२५ सी’ छापलेले होते, म्हणजे क्षमतेच्या २५ पट, कागदावर ८२ ॲम्पिअर. हे ‘सी’चे आकडे बरेचदा उदार मनाने छापलेले असतात, त्यामुळे प्रत्यक्षात तेवढेही सुखाने मिळत नाहीत.

म्हणून निवड उलट्या टोकाकडून करावी. आधी विमानाचे उडताना भरणारे वजन. समजा ते दोन किलो आहे. सुखाने उडायला जोरही वजनाच्या जवळपास हवा. ७० मिलिमीटरच्या पंख्यातून दोन किलोचा जोर काढायला साधारण १२०० वॅट लागतात. विमानाच्या पोटात ९० मिलिमीटरचा पंखा मावत असेल, तर तोच जोर पाऊणपट शक्तीत निघतो, कारण जास्त हवा सावकाश ढकलणे थोडी हवा जोरात ढकलण्यापेक्षा स्वस्त पडते. पंखा ठरल्यावर व्होल्टेज. हेच १२०० वॅट चार सेलमधून घेतले तर ८१ ॲम्पिअर, सहा सेलमधून घेतले तर ५४. वायरींमधली उष्णता प्रवाहाच्या वर्गाने वाढते. म्हणजे त्याच वायरीत चार सेलवर सव्वादोनपट ताप. शेतातल्या मोठ्या टॉवरवरून वीज उच्च दाबाने नेतात, ती याच कारणासाठी. तेव्हा जागा आणि वजन परवडत असेल तर सेल वाढवा, ॲम्पिअर नको. केव्ही सर्वांत शेवटी: ठरलेल्या व्होल्टेजवर पंख्याला त्याच्या मर्यादेतला वेग मिळेल एवढीच.

५४ ॲम्पिअर ठरले की स्पीड कंट्रोलर ८० चा घ्यावा आणि त्याच्या अंगावरून हवा जाईल असा बसवावा. बॅटरी ४००० एमएएचची असेल तर हा प्रवाह साडेतेरा ‘सी’ होतो. छापील आकड्याच्या निम्म्यातच राहायचे, हा माझा नियम. ८० टक्केच बॅटरी वापरायची म्हटले तर पूर्ण जोरावर साडेतीन मिनिटे मिळतात. नव्या मुलांचा इथे हिरमोड होतो, पण हा छंद असाच आहे.

आपल्याकडे आणखी एक भानगड. पुणे समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरवर. मेमध्ये पारा चाळिशीला गेला की तिथली हवा, पुस्तकात धरलेल्या १५ अंशांच्या, समुद्रकाठच्या हवेपेक्षा जवळपास १४ टक्के विरळ असते. त्याच वेगाच्या पंख्याचा जोर तितकाच घटतो. वेग कमी वाटला तो कदाचित याचमुळे. मोटरचा दोष नसेलही. मी उन्हाळ्यात सकाळी आठच्या आत उडवून घरी येतो.

बाकी काही नाही तरी वॉटमीटर घ्याच. विमान पक्के बांधून, दहा सेकंद पूर्ण जोर देऊन ॲम्पिअर बघायचे. त्या वेळी पंख्याच्या बाजूला, पात्यांच्या रेषेत उभे राहू नये. ७० मिलिमीटरच्या पात्याचे टोक ताशी पाचशे किलोमीटरने फिरत असते. एखादे पाते तुटले तर पातळ प्लॅस्टिकची नळी त्याला अडवेलच असे नाही. बॅटरीच्या वायरी जोडताना अंगठी काढून ठेवावी. २२ व्होल्टचा झटका बसत नाही, पण दोन टोकांमध्ये अंगठी आली की क्षणात लाल होते आणि बोटाला गोलाकार भाजते.

फुगलेली बॅटरी टोचू नये, चार्जही करू नये. घराबाहेर, वाळूच्या बादलीत ठेवून नंतर ई-कचऱ्यात द्यावी. पेटलीच तर तिच्या धुरात हायड्रोजन फ्लोराइड असू शकते. त्यातले फ्लोराइड शरीरातल्या कॅल्शियमला पकडते, म्हणून आम्ही कॅल्शियम ग्लुकोनेट वापरतो. त्यासाठी डॉक्टरला ‘बॅटरीने भाजले’ हे आधी सांगणे गरजेचे. धूर छातीत गेला असेल आणि काही तासांनी खोकला किंवा दम सुरू झाला, तरी रुग्णालयात यावे. भाजलेल्या जागेवर वीस मिनिटे नळाचे वाहते पाणी. बर्फ, हळद, टूथपेस्ट काही नको. त्या मुलाची टूथपेस्ट धुऊन काढण्यातच आमचा बराच वेळ गेला आणि ते काम त्याला भाजण्याइतकेच दुखले.

तिसऱ्या ड्रेसिंगला तो वही घेऊन आला. वजन, पंखा, वॅट, सेल, सगळे ओळीने मांडलेले. केव्ही सर्वांत खाली. सहा सेलवर १९०० केव्ही काढली होती. हिशेब बरोबर होता. मी त्याला मूठ मिटून दाखवायला सांगितले. बोटे अजून तळव्याला पूर्ण टेकत नव्हती. केसपेपरवर व्यायाम लिहून दिले आणि खाली आणखी एक ओळ: दोन आठवडे सोल्डरिंग बंद.