तोंडातला तांबडा उजेड

१९९६ साली मी तलासरीच्या शाखेत होतो. आमचा शिपाई वारली, मोठा बोलका माणूस. कर्ज मागायला आलेला गडी साहेबाच्या टेबलापुढे बुजला, की हाच त्याला हसवायचा. कमरेला तंबाखूची डबी कायम. त्याला तोंडाचा कर्करोग झाला. मुंबईत किरणोपचार सुरू झाले आणि तिसऱ्या आठवड्यात तो घरी परतला. "साहेब, पेज गिळवत नाय," एवढेच कसेबसे म्हणाला. तोंडभर फोड होते. पुन्हा तो गेलाच नाही. आम्ही रजा मंजूर केली होती, वर्गणी काढली होती. फोडांचा हिशेब मात्र कुणीच धरला नव्हता. पावसाळ्याआधी तो गेला.

गेल्या वर्षी डहाणूच्या माझ्या मित्राला हाच आजार निघाला, तेव्हा मला पहिली आठवण त्या पेजेची झाली.

किरणे आणि केमोथेरपीची औषधे भराभर वाढणाऱ्या पेशींवर घाला घालतात. तोंडातले नाजूक अस्तरही सतत नवे होत असते, म्हणून तेही सोलवटते. खाणे सुटते, वजन उतरते. उपचारात खंड पडला, तर रोगाचे फावते.

यावर उतारा आहे तो उजेडाचा. बुडापेस्टचे डॉक्टर एन्द्रे मेस्टर यांनी १९६०च्या दशकात उंदरांवर मंद लेसर टाकला, तर भादरलेले केस लवकर उगवले. पुढे जखमा भरण्यासाठीही तो वापरला जाऊ लागला. हा तांबडा प्रकाश भाजत नाही. पेशीतल्या ऊर्जा निर्माण करणाऱ्या यंत्रणेला चालना देतो. २०२०च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांनी डोके व मानेच्या किरणोपचारात, फोड येण्याआधीपासूनच, त्याची शिफारस केली. गाठीच्या जागी प्रकाश टाकायचा की नाही, हे मात्र तज्ज्ञच ठरवतात.

मित्राला रोज किरणांआधी काही मिनिटे हा उजेड मिळाला. फोड आले, पण बेताचे. मिठाच्या पाण्याच्या गुळण्या आणि वेदनाशामक औषधे होतीच. एकही दिवस न चुकवता त्याने उपचार पुरे केले. परवा भेटायला गेलो, तर वहिनींनी वाडीतला पिकलेला चिकू कुस्करून वाटीत दिला होता. "हळू खा हो," त्या म्हणत होत्या. तो खात होता.

ही सोय सगळीकडे नसते. म्हणून उपचारांची तारीख ठरतानाच डॉक्टरांना विचारा : तोंडाचे काय करणार? तलासरीत आम्ही हे विचारले नव्हते.