टॉर्चमागची नळी

पोलादी सांध्यावर सुईच्या टोकाएवढी छिद्रे उमटली, किंवा टंगस्टनची लखलखीत कांडी काळीनिळी पडली, की कारखान्यात पहिला ठपका येतो तो वेल्डरच्या हातावर. परंतु या तक्रारीची नीट रुजुवात घेऊ गेल्यास पुष्कळदा असे आढळते की, कसूर हाताची नसून टॉर्चमागे जमिनीवर लोळणाऱ्या, टाचांखाली तुडविल्या जाणाऱ्या आणि कोणाच्याही खिजगणतीत नसलेल्या नळीची आहे.

आपल्याकडे ‘आर्गन वेल्डिंग’ या नावाने रुळलेली ही विद्या कॅलिफोर्नियातील नॉर्थ्रॉपच्या विमान-कारखान्यात रसेल मेरेडिथ यांनी मॅग्नेशियमसारख्या चटकन पेट घेणाऱ्या धातूसाठी सिद्ध केली आणि १९४२ साली तिचे पेटंट मिळाले. आर्कभोवती हवेला मज्जाव करणारे निष्क्रिय वायूचे आवरण, हे तिचे सारसर्वस्व. त्या वेळी ते हेलियमचे असे, आज बहुधा आर्गनचे असते.

पाण्याने थंड राहणाऱ्या टॉर्चला तीन नळ्या असतात: एक वायूची, दुसरी थंड पाणी आणणारी आणि तिसरी अशी की, जिच्या पोटात तांब्याची तार असून त्या तारेला न्हाऊ घालीतच तापलेले पाणी माघारी जाते. या योजनेमुळेच अडीचशे अँपिअरचा प्रवाह बोटाएवढ्या, लवचीक नळीतून वाहू शकतो. मात्र गाळाने किंवा नळी मुरगळल्याने पाणी थांबले, तर काही क्षणांतच ती जळून जाते. म्हणून क्षारविरहित पाणी वापरावे. अनेक टॉर्चांत वायूच्या जोडाचे आटे उजवे व पाण्याच्या जोडांचे डावे असतात, ते अदलाबदलीचा बंदोबस्त म्हणूनच.

वायूच्या नळीची परीक्षा सोपी आहे. वीज बंद ठेवून केवळ वायू सोडावा आणि टॉर्चचे तोंड अंगठ्याने घट्ट दाबावे. प्रवाहमापकातील गोळी तळाशी जाऊन स्वस्थ बसली तर वाट निर्दोष, आणि ती मध्येच तरंगत राहिली तर कोठेतरी गळती आहे, असे खुशाल समजावे. मग साबणाचे पाणी जोडाजोडाला लावावे. बुडबुडा जेथे फुगेल तेथे चोर सापडला. टॉर्चच्या मागील टोपीखालचे रबरी कडे झिजले असेल, तर तेथूनही हवा आत शिरते. तिसऱ्या नळीतील तारेचे धागे बहुधा मुठीच्या मानेशी, जेथे नळी रोज वाकते तेथे, एकेक करून तुटतात. आर्क अडखळू लागतो, आणि काम थांबवून वीज बंद केल्यावर नळीवरून हात फिरविला असता तेवढाच भाग चटका देतो. अशी नळी चिकटपट्टीने गुंडाळून चालवू नये. ती बदलण्याचीच तजवीज करावी.

कारखानदारांना व पर्यवेक्षकांना एवढीच विनंती की, सांधा बिघडला असता वेल्डरकडून जाब मागण्यापूर्वी त्यांनी स्वतः वाकून ती नळी एकदा टोकापासून टोकापर्यंत तपासावी.