उघडं शटर आणि एक लखलखाट

१९४९ साली 'लाइफ' मासिकाचे छायाचित्रकार ग्योन मिली दक्षिण फ्रान्समध्ये पिकासोला भेटायला गेले. त्यांनी पिकासोला काही फोटो दाखवले. त्यात बर्फावर स्केटिंग करणाऱ्यांच्या बुटांना छोटे दिवे लावले होते आणि त्या दिव्यांच्या रेघा अंधारात उमटल्या होत्या. पिकासोला कल्पना इतकी आवडली की त्याने छोटा विजेचा दिवा हातात घेऊन अंधाऱ्या खोलीत, हवेतच चित्रं काढायला सुरुवात केली. या फोटोंत प्रकाशाच्या रेषेत काढलेलं चित्र दिसतं आणि त्याबरोबर स्वतः पिकासोही, अगदी रेखीव.

आता जरा विचार करा. कॅमेऱ्याचं शटर चित्र पूर्ण होईपर्यंत उघडं होतं आणि पिकासो सतत हलत होता. मग तो धूसर का नाही आला?

उत्तर आहे फ्लॅश. मिली मुळात विद्युत अभियंता, १९२७ साली एमआयटीतून पदवी घेतलेले. तिथल्याच हॅरॉल्ड एजर्टन यांच्याकडून त्यांनी इलेक्ट्रॉनिक फ्लॅशचं तंत्र उचललं. कपॅसिटरमध्ये साठवलेली वीज वायू भरलेल्या नळीतून एकदम सोडली की क्षणभर प्रचंड उजेड पडतो. खोलीत अंधार असेल तर शटर उघडं राहिलं तरी बिघडत नाही. वेळ मोजायचं काम फ्लॅशच करतो. एजर्टन यांचा दुधाच्या थेंबाचा प्रसिद्ध मुकुट याच तत्त्वावर टिपलेला आहे.

फिल्म पडेल त्या प्रकाशाची बेरीज करत जाते. त्यामुळे एकाच फ्रेमवर तीन वेगळे हिशेब चालू शकतात:

१. फ्लॅशने उजळलेला माणूस: फ्लॅशची शक्ती, त्याचं अंतर आणि लेन्सचं छिद्र यांवर अवलंबून. फ्लॅश साधारण १/१००० सेकंदात संपतो, म्हणून शटर दोन सेकंद उघडं असो की दहा, त्याला फरक पडत नाही.

२. स्थिर पार्श्वभूमी: छिद्र आणि वेळ यांवर अवलंबून.

३. हलणारा दिवा: छिद्र आणि दिव्याचा वेग यांवर अवलंबून. शटर जास्त वेळ उघडं ठेवल्याने रेघ लांबते, उजळ होत नाही. उजळ हवी असेल तर हात हळू फिरवा.

डिजिटल कॅमेऱ्यात हे चुकतमाकत जमतं. फिल्मवर मात्र रोल धुवून येईपर्यंत काही कळत नाही, म्हणून हिशेब आधी करावा लागतो. त्यात फिल्मची एक खोडही लक्षात ठेवायला हवी. चांदीच्या क्षाराच्या कणावर प्रतिमेचं बीज धरायला चांदीचे काही अणू एका जागी जमावे लागतात. प्रकाश फारच मंद असेल तर दुसरा अणू येईपर्यंत पहिला टिकत नाही आणि फिल्मची संवेदनशीलता घटते. पुढे कृष्णविवरांच्या गणितामुळे गाजलेले कार्ल श्वार्त्सशिल्ड यांनी ताऱ्यांचे फोटो अभ्यासताना १९०० साली या परिणामाचं सूत्र मांडलं. कोडॅकच्या ट्राय-एक्स फिल्मच्या तक्त्यानुसार, मीटरने १० सेकंद सांगितले तर प्रत्यक्षात ५० सेकंद द्यावे लागतात. ही भरपाई वेळ वाढवून करा, छिद्र मोठं करून नको. नाहीतर फ्लॅशचा हिशेब बिघडेल.

या दिवाळीत करून पाहा. कॅमेरा ट्रायपॉडवर ठेवा, फिल्म आयएसओ १००, शटर 'बी'वर. फ्लॅशचा गाइड नंबर २८ (मीटरमध्ये) असेल आणि माणूस साडेतीन मीटरवर असेल, तर २८ भागिले ३.५, म्हणजे एफ/८. मागे गडद झाडी किंवा काळोख हवा. मागे उजेड असेल तर माणूस हलताच तो उजेड त्याच्या अंगातून आरपार दिसू लागतो आणि माणसाचं भूत होतं.

शटर उघडा, फुलबाजीने हवेत 'शुभ' लिहू द्या. लिहून झालं की हात थांबवून कॅमेऱ्याकडे बघायला सांगा, फ्लॅशवरचं चाचणीचं बटण हाताने दाबा आणि शटर बंद करा. फ्लॅश शेवटी दिल्यामुळे चेहऱ्यावर अक्षर पूर्ण झाल्याचा आनंद दिसतो. सुरुवातीला दिला तर नुसती तयारी दिसते.

लिहिणारा कॅमेऱ्याकडे तोंड करून असल्याने अक्षरं उलटी येतील. काळजी नको: प्रिंट काढताना निगेटिव्ह पालथी घालायची.

फुलबाज्यांचे नियम मात्र आपापल्या राज्याचे बघा. एमआयटी ज्या मॅसॅच्युसेट्समध्ये आहे, तिथे घरगुती वापराला फुलबाज्यासुद्धा बेकायदा आहेत. तिथे छोटा टॉर्च घ्या. पिकासोचंही तेवढ्यावर भागलं होतं.