शीत प्रदेशातील शांतक्लेर कोंबडी

कोंबडीचा तुरा पिसांनी झाकलेला नसल्यामुळे कडक थंडीत तो प्रथम गोठतो. ही अडचण ओळखून कॅनडातील क्वेबेक प्रांतात, ओका येथील मठवासी ब्रदर विल्फ्रिड यांनी १९०८ च्या सुमारास निरनिराळ्या जातींचा संकर आरंभिला. त्यातून निपजलेल्या शांतक्लेर जातीस १९२१ मध्ये अमेरिकन प्रमाणग्रंथात स्थान मिळाले. तिचा तुरा लहान व उशीसारखा बसका असतो.

तथापि केवळ जातीच्या काटकपणावर विसंबणे इष्ट नव्हे. श्वासातील व विष्ठेतील बाष्प बंद खुराड्यात साठते आणि ओलसर हवेत हिमबाधेचा संभव वाढतो. म्हणून छपरालगत झरोके ठेवावेत व खाली कोरडा भुसा अंथरावा. मात्र बसण्याच्या दांडीवर वाऱ्याचा झोत येऊ देऊ नये. ऊब राखावयाची म्हणून सर्व झरोके बुजविल्यास हा लहान तुराही गोठू शकतो.