‘चौकार!’ अरे, पण कुठे?

मॅच बघताना टीव्हीचा आवाज कधी बंद करून पाहिलाय? पाच षटकं तरी करून पाहा. चेंडू दिसतो, धावा दिसतात, कोण आउट झाला तेही कळतं. मग इतका वेळ ती मंडळी बोलत काय होती?

मला हा प्रश्न पडला आमच्या आजोबांमुळे. काचबिंदूने त्यांची दृष्टी गेली होती. घरात टीव्ही आला, आम्ही पोरं त्याला चिकटलो; आजोबा मात्र ट्रान्झिस्टर कानाशी धरून बसायचे. एका रविवारी ऐन मॅचमध्ये त्याचे सेल संपले. मी ऐटीत म्हटलं, ‘‘मी सांगतो ना!’’ आणि ओरडलो, ‘‘आजोबा, चौकार!’’

‘‘अरे, पण कुठे?’’

‘‘सीमेपार!’’

‘‘ते कळलं रे. ऑफला की लेगला? पुढे येऊन मारला की मागे जाऊन? तिथे कुणी उभं नव्हतं का?’’

मी गप्प. सगळं डोळ्यांसमोर घडलेलं, पण मला सांगता येईना!

रेडिओच्या समालोचकाला हे सगळं सांगावं लागतं, तेही गोलंदाज पुन्हा धावत यायच्या आत. पुण्याचे बाळ ज. पंडित स्वतः महाराष्ट्राकडून रणजी सामने खेळलेले. आकाशवाणीवरून ते मराठीत समालोचन करायचे. अशा समालोचनामुळेच इंग्रजीचा गंध नसलेल्या आज्यांनाही ‘पायचीत’ आणि ‘यष्टिचीत’ यांतला फरक कळायला लागला.

आणि स्कोअर? रेडिओ आत्ताच लावणाऱ्याला आधी तोच हवा असतो. अमेरिकेत बेसबॉलचे समालोचक रेड बार्बर समोर चक्क तीन मिनिटांचं वाळूचं घड्याळ ठेवत. वाळू खाली आली, की सांगा स्कोअर!

टीव्हीचं गणित उलटं. ‘चेंडू सीमारेषेकडे चाललाय...’ अहो, दिसतोय की! ऑस्ट्रेलियाचे माजी कर्णधार रिची बेनो यांचा नियमच होता, चित्रात भर घालता येत असेल तरच तोंड उघडायचं. ७ ऑगस्ट २००५ ला एजबॅस्टनला इंग्लंडने ऑस्ट्रेलियाला अवघ्या २ धावांनी हरवलं. शेवटची विकेट पडली तेव्हा बेनोंनी पटापट चार नावं घेतली : जोन्स, बाउडन, कॅस्प्रोविच, हार्मिसन. झेल घेणारा यष्टिरक्षक, बोट वर करणारे पंच, बाद झालेला फलंदाज आणि गोलंदाज. झालं की सगळं सांगून!

हल्ली टीव्हीवर प्रत्येक षटकाराला तीच किंकाळी असते. मग खरोखर अफाट काही घडलं, की त्यासाठी आवाज उरतच नाही. माझं तरी असं मत आहे. तुमच्या बाबांना कदाचित ती आरडाओरडच आवडत असेल, विचारून पाहा!

बरं, त्या रविवारी पुढे काय झालं? मी आधी क्षेत्ररक्षक मोजायला शिकलो. मग चेंडूचा टप्पा, मग फटका, मग धावा. दर षटकाला स्कोअर. दोनदा उजव्या-डाव्याचा घोळ झाला. आजोबांनी लगेच पकडला. संध्याकाळी माझा घसा पार बसला होता. पण शेवटच्या दहा षटकांत आजोबांनी एकदाही ‘कुठे?’ विचारलं नाही.