हातालाही शिकवावे लागते
मान आखडली की आपण घरच्यांना म्हणतो, "जरा चोळून दे." फिजिओथेरपिस्टचा हात मात्र नुसता चोळत नाही; तो सांध्याची हालचाल तपासतो आणि मोजून-मापून ती वाढवतो. या मोजमापाची एक प्रचलित पद्धत ऑस्ट्रेलियाचे जेफ्री मेटलंड यांनी घालून दिली. मणक्यांवरील उपचारांचे त्यांचे पुस्तक १९६४ साली आले.

त्यांच्या पद्धतीत सांध्याला दिलेल्या झोक्यांच्या चार पायऱ्या आहेत. पहिल्या दोन सांध्यात जाणवणाऱ्या अडथळ्याच्या अलीकडेच थांबतात. त्या मुख्यतः वेदना शमवण्यासाठी. तिसरी आणि चौथी अडथळ्यापर्यंत जातात, त्या ताठरपणासाठी. या चारांपलीकडची पाचवी म्हणजे झटका. तो शिकाऊ हाताचे काम नव्हे.

फिजिओथेरपीचे विद्यार्थी हे तंत्र आधी एकमेकांच्या पाठीवर शिकतात. त्यामुळे दाब देणे आणि सोसणे, दोन्ही कळते. हात कुठे लावू नये, हाही मोठा धडा असतो. पाठदुखीसोबत ताप, कारणाविना घटणारे वजन किंवा लघवीवरचा ताबा सुटणे दिसले, तर आधी डॉक्टरांकडे पाठवायचे.

हा उपचार घेताना उपचारकाचे शिक्षण विचारा, आणि दुखले तर लगेच सांगा. चांगला उपचारक व्यायामही शिकवतोच.