गाठ विरली, श्रेय कोणाचं?

१९८०च्या दशकात भारतातल्या मोठ्या शहरांमध्ये सीटी स्कॅनची यंत्रं रुळू लागली आणि मेंदूविकारतज्ज्ञांपुढे एक कोडं उभं राहिलं. एरवी धडधाकट असलेल्या मुलाला किंवा तरुणाला अचानक फिट येते. तपासावं तर हात, पाय, वाचा सगळं शाबूत. शिरेतून कॉन्ट्रास्ट देऊन स्कॅन काढला, की मेंदूच्या पृष्ठभागालगत दोन सेंटिमीटरपेक्षा लहान, कड्यासारखी किंवा टिकलीसारखी उजळलेली एकुलती एक गाठ दिसते आणि तिच्याभोवती सूज. घरोघरी क्षय असलेल्या देशात ही गाठ क्षयाचीच, असं वाटणं साहजिक होतं. टीबीच्या गोळ्या सुरू व्हायच्या, काही महिन्यांनी पुन्हा स्कॅन व्हायचा आणि गाठ गायब! निदान अचूक, औषध रामबाण, असं मानून सगळेच निर्धास्त. पण औषध दिलं आणि गाठ गेली एवढ्यावरून गाठ कशाची होती ते ठरत नाही. कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ पडली असेल, ही शंका कोणीतरी काढायला हवी होती.

ती हळूहळू निघाली. १९८५ साली दिल्लीच्या डॉक्टरांनी अशा उगवणाऱ्या आणि मावळणाऱ्या गाठींची नोंद केली. १९८७ साली पुण्याच्या डॉ. आर. एस. वाडिया आणि सहकाऱ्यांनी अपस्माराच्या रुग्णांमधल्या याच कड्या-टिकल्यांवर लिहिलं. ज्यांना नुसत्या फिटच्या गोळ्या दिल्या, त्यांच्याही गाठी विरत होत्या. यावरून क्षयाच्या औषधाचं श्रेय काढून घेता आलं, पण गाठ मुळात काय, हे कळलं नाही. फिटमुळेच तिथे तात्पुरती सूज येत असावी, असाही एक तर्क होता. स्कॅनवरची सावली कितीही निरखली तरी तो वाद मिटणार नव्हता. त्यासाठी गाठच सूक्ष्मदर्शकाखाली यायला हवी होती.

ते काम वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात झालं. मॅथ्यू चांडी, वेदांतम राजशेखर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा गाठी शस्त्रक्रियेने काढून तपासल्या आणि १९८९ व १९९१ साली निष्कर्ष छापले. काही गाठींत डुकरातल्या पट्टकृमीच्या अळीचे अवशेष स्पष्ट दिसले. काहींत नुसता दाह, पण क्षयाच्या गाठीची ओळख असलेला, कुजलेल्या चीजसारखा मृत गाभा तिथे नव्हता. इथे उलगडा होतो. अळी जिवंत असते तोवर ती शरीराच्या संरक्षणयंत्रणेला चकवते, तिच्याभोवती फारशी सूज नसते आणि माणसाला पत्ताही नसतो. ती मरू लागली, की तिचं आवरण गळतं, पांढऱ्या पेशी तुटून पडतात, आसपासच्या रक्तवाहिन्यांच्या भिंती सैल होतात. त्या फटींतून कॉन्ट्रास्ट बाहेर झिरपतो आणि स्कॅनवर कडं उजळतं. त्याच दाहाने चेतापेशी चाळवतात आणि फिट येते. म्हणजे आपल्याला दिसतो तो आजाराचा शेवटचा अंक. पेशींनी मढं साफ केलं, की कडं आपोआप पुसलं जातं.

यावर पहिला आक्षेप निवडीचा: सूक्ष्मदर्शकाखाली मोजक्याच गाठी आल्या, विरलेल्यांचं काय? आक्षेप रास्त आहे, पण तो उलटाच पडतो. चिवट, संशयास्पद गाठींवर सुरी चालण्याची शक्यता अधिक, आणि क्षयाची गाठ तर चिवटच. त्या चिवटांतही अळी सापडत असेल, तर आपणहून विरणाऱ्यांत क्षय असण्याचा संभव आणखी कमी. दुसरा आक्षेप शाकाहारी घरांतून येतो: आम्ही डुकराचं मांस खात नाही, मग किडा आला कुठून? मांसातून आतड्यात पट्टकृमी होतो. मेंदूतली अळी येते ती पट्टकृमी बाळगणाऱ्या माणसाच्या विष्ठेतल्या अंड्यांतून, म्हणजे न धुतलेल्या हातांतून, पाण्यातून, कोथिंबिरीतून. तिसरा आक्षेप सर्वांत वजनदार: मेंदूचा क्षय भारतात आजही खराच आहे. म्हणूनच वेल्लोरच्या मंडळींनी निकष आखले: गाठ एकच आणि २० मिलिमीटरपर्यंतची, मेंदूवर सतत वाढीव दाब नाही, वाढत जाणारा अशक्तपणा नाही, शरीरात दुसरीकडे सक्रिय रोग नाही. यात न बसणाऱ्या गाठीला क्षयाच्या शंकेतून मोकळं करू नये. पण जिथे निकष जुळतात तिथे 'देऊन तर पाहू' हा पवित्रा फुकटचा नसतो: क्षयाच्या गोळ्या कित्येक महिने चालतात, यकृतावर ताण आणतात, आणि त्यांतला आयसोनियाझिड फिटवरच्या फेनिटॉइनचं रक्तातलं प्रमाण वाढवू शकतो, मग रुग्ण झोकांड्या खाऊ लागला, की तो आजार वाढल्याचा भास होतो.

अळीला मारणाऱ्या अल्बेंडाझोललाही हाच तराजू लावायला हवा. बरेच डॉक्टर ते स्टेरॉइडच्या जोडीने देतात, आणि गाठ लवकर विरते असं काही चाचण्यांत दिसलंही आहे. मात्र मुळातच विरणाऱ्या गाठीत औषधाचा वाटा ठरवायचा, तर औषध न दिलेला गट शेजारी हवाच. तो नसलेल्या दाव्यांची किंमत क्षयाच्या गोळ्यांच्या जुन्या दाव्यांइतकीच. शिवाय काही रुग्णांत गाठ विरत नाही, चुन्याचा बारीक कण होऊन राहते. त्या कणाभोवती कधी वर्षांनंतरही सूज येते आणि फिट परतते. अशा रुग्णाच्या फिटच्या गोळ्या कधी थांबवायच्या, हे ठरवताना म्हणूनच स्कॅनवर गाठ नाही एवढं पाहून भागत नाही. तिच्या जागी चुन्याचा ठिपका उरलाय का, तेही पाहावं लागतं.